कोनाडकर कुठं जात नाहीत

एका माणसानं दुसऱ्याला आयुष्यात किती वेळा थक्क करावं याला काही मर्यादा असेल, असं मला वाटायचं. चंदीगडला आमच्या वरच्या मजल्यावर हवाई दलातले एक विंग कमांडर राहायला आले आणि ही समजूत आठवड्याभरात मोडीत निघाली. सव्वासहा फूट उंची, पिळदार मिशा, लढाऊ विमानं उडवणारे गृहस्थ. पहिल्यांदा आले ते मला नमस्कार करण्याआधी दाराच्या चौकटीवर हात ठेवून अदबीनं म्हणाले, "काय, घर बरं आहे ना?" मला वाटलं, घरातली मंडळी. पण ते घरालाच विचारत होते. कोनाडकरांत आधी घराची विचारपूस करतात, मग माणसांची, असा खुलासा त्यांनी केला. हे कोनाडकर रत्नागिरीकडचे का, असं आमच्या हिनं विचारलं. तर ते कुठलेच नव्हते. टेकडीच्या पोटात राहणारी, गुडघ्याएवढ्या उंचीची ही जमात विंग कमांडरांनी स्वतःच निर्माण केली होती!

तिच्या चालीरीतींनी त्यांच्या चार जाड वह्या भरल्या होत्या. कोनाडकर दिवसातून पाचदा जेवतात आणि सहाव्यांदा, उद्या काय करायचं ते ठरवायला बसतात. त्यांच्यात लग्नानंतर नवरी सासरी जात नाही, नवराही घरजावई होत नाही; दोन घरांच्या मध्ये भुयार खणतात. परगावाहून आलेला माणूस आजारी समजून त्याला महिनाभर मऊ भात घालतात. आणि त्यांच्यातली सर्वांत वाईट शिवी म्हणजे 'तुझी बदली होवो'. सेक्टर १७मध्ये गाडी लावण्यावरून हुज्जत घालणाऱ्या एकाला त्यांनी माझ्यादेखत शांतपणे सांगितलं, "आपका तबादला हो जाए, जी." तो सरकारी नोकर असावा. पांढराफटक पडला आणि मुकाट्यानं गाडी काढून चालता झाला.

हे सगळं सुरू झालं ते मुलीसाठी. बाराव्या वर्षी तिची ही सातवी शाळा. दर बदलीला ट्रंका भरताना ती रडायची, म्हणून बाप तिला कुठंही न जाणाऱ्या माणसांच्या गोष्टी सांगू लागला. चंदीगडला ती रुळली, मैत्रिणी झाल्या, आणि आसामला बदलीचा हुकूम आला. या वेळी ती रडली नाही. तिला मराठी सगळं कळे, पण बोले ती हिंदीच. वहिनी सांगत होत्या, जेवताना तिनं एवढंच विचारलं, "पापा, कोनाडकर लोग झूठ हैं ना?"

दुसऱ्या दिवशी विंग कमांडरांनी नोकरी सोडण्याचा अर्ज दिला. खाजगी विमान कंपन्या नुकत्याच निघाल्या होत्या. आम्हाला वाटलं, गलेलठ्ठ पगारावर जाणार. त्यांनी चंदीगडला लागूनच असलेल्या झिरकपूरला, तेव्हा चहूकडे शेतंच होती, एक बैठं घर घेतलं आणि जवळच्या शाळेत गणित शिकवायला लागले. मी चिडून जाब विचारला, तर म्हणाले, "प्रोफेसर, पोरीनं खोटं ठरवलं. मग काय करायचं?"

घराभोवतीची शेतं जाऊन इमारती उभ्या राहिल्या, तरी ते हलले नाहीत. आणि मग मुलीला कॅनडात नोकरी लागली. आता हा माणूस कोलमडणार, या धास्तीनं मी झिरकपूर गाठलं. बघतो तर तिच्या बॅगेवर गुडघा रोवून हे चेन ओढताहेत. वहिनी म्हणाल्या, तिचा पाय निघत नव्हता, यांनीच समजूत घातली. अशा वेळी कोनाडकर काय करतात, असं मी विचारलं.

त्यांनी चेन शेवटपर्यंत ओढली. मग म्हणाले, "वहीत ते नाही हो. त्यांची मुलं अजून लहानच आहेत."