चौकटीवरचा हात

मेजर साळवी कुठल्याही दारात आधी थांबत. चौकटीवर डावा हात टेकून आतला अंदाज घेत आणि मगच पाऊल टाकत. तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते दर शनिवारी पोह्यांना येत. पोह्यांचा वास बाहेर लिफ्टपर्यंत जाई, तरी हे दारातच. "या की मेजरसाहेब, पोहे निवतायत," असं बायकोने म्हटलं की म्हणत, "वहिनी, घाई आत जायची नसावी. बाहेर पडायची वाट आधी बघावी."

सैन्यातून निवृत्त होऊन साताऱ्याचा हा गृहस्थ इथे परदेशात, तुआसच्या आमच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात सेफ्टी ऑफिसर झाला होता. मी तिथे इंजिनिअर. यार्डात ते कुणालाच फारसे आवडत नसत, कारण त्यांच्यामुळे कामं खोळंबत. मला मात्र आवडत, त्यांच्या गव्हर्नरसकट.

हा गव्हर्नर म्हणजे एकोणिसाव्या शतकातला एक अमेरिकन सैनिक. तिथल्या यादवी युद्धात त्याचा एक हात गेला आणि पुढे लोकांनी त्याला आपल्या राज्याचा गव्हर्नर केला. मेजरांनी त्याच्याविषयी कुठेतरी वाचलं होतं. नाव विचारलं तर म्हणत, "नाव काय करायचंय? माणूस बघा." एकदा चिडलेला जमाव एका कैद्याला तुरुंगातून ओढून काढून मारायला निघाला. गव्हर्नर एकटाच तुरुंगाच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. समोर त्याच्याच जुन्या पलटणीतली माणसं होती. इथवर आलं की मेजर चमचा खाली ठेवत. "शत्रूवर चालून जा म्हणणं सोपं असतं, इंजिनिअर. आपल्याच माणसांना मागे व्हा म्हणायला छाती लागते." गोष्ट नेहमी इथेच संपे. मीही पुढचं कधी विचारलं नाही.

दत्ता माझ्या गुहागरचा. फिटर म्हणून त्याला यार्डात मीच चिकटवला होता. दर रविवारी आमच्याकडे जेवायचा. एके दिवशी जहाजाचा तोल राखायला पाणी भरतात त्या टाकीचं काम होतं. टाकी बरेच दिवस बंद होती. आतली हवा तपासायच्या आधीच दत्ताच्या हातून पाना खाली पडला आणि तो पटकन काढून आणावा म्हणून तो शिडीने उतरला. वर आलाच नाही.

मी धावत गेलो तेव्हा बॅटरीच्या उजेडात तो तळाशी पालथा दिसत होता. मी शिडीला हात घातला आणि मेजरांनी मला छातीवर रेटून मागे ढकललं. मग दोन्ही पाय फाकून ते टाकीत उतरायच्या भोकावर उभे राहिले. दोरीने आत सोडलेला हवा तपासायचा मीटर सारखा किंचाळत होता. गंजाने टाकीतला प्राणवायू खाऊन टाकला होता. तिथे वास नाही, धूर नाही. उतरणारा माणूस फक्त पडतो.

"दत्ता आहे तो," मी ओरडलो.

"माहीत आहे. तुम्ही उतरलात तर दोघं होतील."

हवेचे सिलिंडर लावून उतरणारी माणसं निघाली होती, पण यार्ड अवाढव्य. तोवर आणखी फिटर जमले. कुणी मेजरांची कॉलर धरली, कुणी हिंदीत आईवरून शिव्या दिल्या. मीही दिल्या, मराठीत. त्यांचं हेल्मेट गडगडत गेलं, ओठ फुटला, पण पाय हलले नाहीत. खाली दत्ताचा हात एकदा हलल्यासारखा वाटला. तो मेजरांनीही पाहिला, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले.

सिलिंडरवाल्यांनी दत्ताला वर काढलं. दवाखान्यात पोचण्याआधीच तो गेला.

त्यानंतर कॅन्टीनमध्ये मेजरांच्या टेबलाशी कुणी बसेना. त्यांनी दत्ताला मरू दिलं, असं लोक उघड म्हणत. मी तसं म्हणत नव्हतो, पण बसतही नव्हतो. त्यांचं चुकलं नाही हे मला कळत होतं, आणि तरी त्यांचं तोंड बघवत नव्हतं. शनिवारचे पोहे बंद झाले.

काही महिन्यांनी ते निरोप घ्यायला आले. नोकरी सोडून साताऱ्याला चालले होते. दार मी उघडलं. त्यांनी चौकटीवर हात टेकला आणि तिथेच उभे राहिले. मला 'या' म्हणता येईना. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "त्या गव्हर्नरचं पुढे काय झालं?"

"पुढची निवडणूक हरला," मेजर म्हणाले. "त्याच्या पलटणीने मतं दिली नाहीत."

एवढ्यात बायको बाहेर आली. मला बाजूला सारून तिने तिथेच, उंबऱ्यावर, वाकून त्यांना नमस्कार केला.

"दत्ताभाऊजी गेले," ती म्हणाली. "पण त्या दिवशी हे घरी आले."

मेजर चौकटीवरचा हात काढून आत आले.