सत्ताविसावी बाटली

मावशीच्या घरी तिच्या टेबलावरची बाटली मी पाडली, हे खरं आहे. पण बाटली इतक्या काठावर ठेवतात का, हा माझा मुद्दाही कुणीतरी ऐकून घ्यायला हवा होता. खोलीत आम्ही दोघंच होतो आणि मावशी तिच्या वहीकडे बघत होती. अर्धं अत्तर त्या वहीवर आणि अर्धं माझ्या शर्टाच्या बाहीवर सांडलं होतं. कशाचे किती थेंब घातले ते वहीत पेनाने लिहिलेलं होतं. ती शाई अत्तरात अशी विरघळली, की पानावर निळं तळं झालं.

"सव्वीस वेळा करून बघितलं होतं," मावशी म्हणाली. एवढंच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

ही माझी मावशी बावीस वर्षं एका अत्तराच्या दुकानात, मागच्या खोलीत बाटल्या भरते आणि लेबलं चिकटवते. नाक असं, की मी दारात पाऊल टाकताच म्हणणार, "बसने आलास. आणि खिडकी मिळाली नाही." तरी पुढच्या काउंटरवर बसून अत्तर जुळवायचं काम मालकांनी तिला कधी दिलं नव्हतं. मग एक प्रसिद्ध गायिका शहरात कार्यक्रमाला येणार असं ठरलं. पिवळाजर्द झगा, केसात फूल, गाण्याआधी खळखळून हसणारी. तिच्यावरून सुचलेलं अत्तर मालकांना काढायचं होतं: चाफा, मोगरा, अननस आणि भरपूर ऊन. बाहेरून आलेले दोन नमुने त्यांनी नाक मुरडून परत केले, तेव्हा मावशी म्हणाली, "मी करून बघू?"

"सोमवारी चारला दाखवा," मालक म्हणाले. "जमलं तर पुढे बसा. नाहीतर लेबलं आहेतच."

मी बाटली पाडली तो शनिवार होता.

मावशीने माझा हात ओढून बाही नाकाशी नेली. "सोमवारी चारपर्यंत शर्ट काढायचा नाही. अंघोळ करायची नाही. इथून हलायचं नाही."

"अगं, सोमवारी ऑफिस आहे!"

"रजा काढ. एरवी तरी तिथे काय करतोस?"

मी साहेबांना ताप आल्याचं कळवून टाकलं.

दर तासाला ती माझी बाही हुंगायची, मग नाक ताजं करायला स्वतःच्या कोपराची आतली बाजू हुंगायची, मग कागदाच्या पट्टीवर ड्रॉपरने थेंब. चाफा सापडला. मोगरा सापडला. अननस चार थेंब की पाच, यात एक अख्खी सकाळ गेली. मी बाही पुढे करून पुतळ्यासारखा बसलो होतो. रविवारी दुपारी सांडलं होतं तसंच्या तसं अत्तर तयार झालं. मी टाळ्या वाजवणार, तर मावशीचं तोंड उतरलेलं.

"होतं तसंच झालंय," ती म्हणाली. "पण होतं तेच अर्धवट होतं. बाई फोटोतली वाटते, गाणारी नाही वाटत." ती माझ्याकडे बघत राहिली. "जिने चढून ये."

"किती?"

"मी थांब म्हणेपर्यंत."

चार मजले, पाच वेळा. धापा टाकत, घामाने निथळत परत आलो. तिने बाही हुंगली, डोळे मिटले आणि पहिल्यांदाच हसली.

"गाताना ती घामाघूम होते रे. ऊन नुसतं वरून पडून कसं चालेल?"

समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यासारखा वास असलेली एक छोटी बाटली कपाटात धूळ खात पडली होती. त्यातले दोन थेंब तिने घातले.

सोमवारी चारला दुकानात मालकांनी आधी मला पाहिलं, दोन पावलं मागे सरले आणि मगच पट्टी हातात घेतली. हुंगली. पट्टी घेऊन बाहेर रस्त्यावर उन्हात गेले. बराच वेळ आले नाहीत. मावशी काउंटरची कड घट्ट धरून उभी होती.

"ही तर आत्ता गाणं संपवून आली," आत येत मालक म्हणाले, आणि काउंटरमागच्या दुसऱ्या खुर्चीवरचे खोके त्यांनी स्वतः उचलून खाली ठेवले. "उद्यापासून इथे बसा."

"उद्या कशाला?" म्हणत मावशी बसलीसुद्धा.

मी काउंटरवर वाकून हळूच म्हटलं, "मावशी, बाटलीच्या खोक्यावर बारीक अक्षरात 'भाच्याच्या मदतीने' असं छापायला काय हरकत आहे?"

"तू आधी घरी जाऊन अंघोळ कर."