तळहातावरची झुळूक

ट्रकच्या इंजिनातून तेल गळायला लागलं, की बाकीचे आधी सील बदलायचे. म्हातारे मिस्त्री मात्र इंजिन चालू ठेवून, आतली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीशी तळहात धरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. ड्रायव्हरला वाटायचं, उभ्या उभ्या झोपले.

"नळी तुंबलीय," ते तंद्रीतच म्हणायचे. "हवा आत कोंडली, की फट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलते. बिचाऱ्या सीलवर कशाला खापर फोडता?" मग नळी साफ करून, हाताला मंद, उबदार झुळूक लागली, की कुठे त्यांचा चेहरा निवायचा.

बायको मोठ्या दुखण्यातून उठल्यापासून ते दुपारी घरी लवकर येऊ लागले. त्या दिवशी ती खिडकीपाशी, उन्हात पाय सोडून, खुर्चीतच झोपली होती. पडदा हलतोय की तिचा पदर, काही कळेना. मिस्त्रींचा तळहात आपसूक तिच्या नाकाशी गेला आणि डोळे मिटले.

"चालू आहे अजून," ती डोळे न उघडताच म्हणाली. "रोज मेलं काय तपासता? हात धुऊन या आधी, तेलाचा वास येतोय."

मिस्त्री "हं" म्हणाले, पण हात काही त्यांनी काढला नाही.