कामरगावचा पैलवान

कारंज्याला जीपवाल्याने आधी माझी काठी पाहिली, मग मला पाहिलं आणि पुढची सीट मोकळी केली. पाय मात्र मला वर घेता येईनात. त्यानेच ते एकेक करून उचलून आत ठेवले.

"दुखते काय भाऊ?"

"रोजच."

"मंग घरी राहाचं न. कायले फिरून राह्यले?"

कामरगावहून ताईचा फोन आला होता. "गोलू लय पडते रे," एवढंच म्हणाली. गोलू तिचा आठ वर्षांचा मुलगा. ते ऐकल्यावर मला घरी बसवेना. माझे स्नायू लहानपणापासून झिजत आलेत. आजाराचं नाव डॉक्टर इंग्रजीत सांगतात. दुखणं मात्र आपल्याकडच्या पाहुण्यासारखं, न बोलावता येतं आणि जेवूनही जात नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर पिवळ्या फुलांनी डवरली होती. पण प्रत्येक खड्डा कमरेत उतरत होता, म्हणून तिचं कौतुक अर्धंच झालं.

ताईच्या घरी पोचताच भाऊजींनी गोलूला माझ्यापुढे उभं केलं. "पाहा मामा, पिंढऱ्या (पोटऱ्या) कशा भरल्या! पैलवान होते हा. तालमीत टाकला म्या."

माझ्याही पोटऱ्या अशाच भरल्या होत्या. आमच्या बाबांनीही मला मोठ्या हौसेने तालमीत घातलं होतं. ती ताकद नव्हे, आजार आहे, हे कळायला चार वर्षं गेली.

जेवायला पाटवडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांचं झणझणीत कालवण) होता. मी खाटेवर, बाकी सगळे खाली. जेवण झाल्यावर गोलू आधी हातापायांवर ओणवा झाला, मग गुडघ्यावर हात, मग मांडीवर हात, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहिला.

"नखरे करून राह्यला," भाऊजी हसले.

ताई हसली नाही. "तुह्यासारखंच हाय न?" तिने मला विचारलं. "खोटं नको सांगू."

"माझं असंच सुरू झालं होतं," मी म्हणालो. "तपासणी करून घ्या. पण तालीम आजच बंद."

भाऊजी उठून बाहेर गेले. ताई पदर तोंडाशी धरून रडली, आणि मीही.

सकाळी जीपपाशी सोडायला भाऊजीच आले. माझे पाय त्यांनी दोन्ही हातांनी उचलले. माझ्या पोटरीवर त्यांचा हात थांबला.

"मामा, लय दुखते?"

"लय."

"काल सकाळी तालमीत रडत होता गोलू. तरी म्या त्याले पन्नास बैठका मारायले लावल्या."

जीप सुटली. इतकी वर्षं हे दुखणं माझ्या एकट्याचं, माझ्याबरोबरच संपणारं, असं मी धरून चाललो होतो. तेवढाच एक आधार होता. तो आधार कामरगावातच सुटला.