बाटलीच्या तळाचा अंगारा

पाथरीच्या शाळेत वैजीनाथ मास्तर रसायन शिकवायचे ते उर्दूतून, कारण हैदराबादहून येणारं पुस्तक उर्दूत होतं. पोरं मराठी, मास्तर मराठी. पुस्तकात इलेक्ट्रॉनला ‘बर्किया’ म्हटलेलं होतं आणि तो मास्तरांनीही कधी पाहिला नव्हता. “आंधळ्यानं आंधळ्यांना बाजार दाखवावा, तसा माझा तास,” असं ते स्वतःच म्हणत.

मिठाचा धडा मात्र त्यांचा आवडता. सोडियमच्या अणूकडे बाहेरच्या घरात एक इलेक्ट्रॉन एकटाच असतो आणि क्लोरीनला नेमका एक कमी पडतो. सोडियम आपला देऊन टाकतो आणि धन आयन होतो, क्लोरीन तो घेऊन ऋण आयन होतो. मग दोघं एकमेकांना ओढून घट्ट धरतात, त्याचं मीठ. पण जो देतो त्याच्यावर अधिकचं चिन्ह कसं, यावर पोरं दरवर्षी अडत. मास्तर सांगत, “इलेक्ट्रॉन हा ऋण, म्हणजे कटकट्या. मी सुट्टीत गावाला गेलो की माझं घर हसायला लागतं का न्हाई? तसंच हे.” वर्ग हसे आणि समजेही.

तीन वर्षं मास्तर हंगामीच होते. चव्वेचाळीस साली पत्र आलं, की तालीम खात्याचे मुहतमिम, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, तास बघायला येणार आणि त्यांच्या शेऱ्यावर नोकरी कायम करायची की नाही ते ठरणार. मास्तरांची झोप उडाली. त्यांनी एका मोजणीदाराकडून होकायंत्र मागून आणलं, त्याच्याभोवती तार गुंडाळली, टॉर्चचे तीन सेल जोडले. तारेची दोन टोकं शुद्ध पाण्यात बुडवली तर सुई ढिम्म राहणार. त्यात मीठ टाकलं की आयन सुटे होऊन पाण्यात हिंडणार, वीज वाहणार आणि सुई हलणार. गावातल्या विहिरी खाऱ्या, त्यांचं पाणी इथं कुचकामाचं. म्हणून मास्तरांनी हकीमसाहेबांच्या अर्क काढायच्या भबक्यातून वाफेचं पाणी काढवून घेतलं. घरी दोनदा करून बघितलं. सुईनं दोन्ही वेळा मान राखला.

तपासणीच्या सकाळी मास्तर देवापुढं उभे होते. एका हातात बाटली, दुसऱ्यात पोखर्णीच्या नरसिंहाच्या अंगाऱ्याची पुडी.

“कपाळाला लावा की. बाटलीत कशाला टाकायलाव?” त्यांची बायको कस्तुराबाई म्हणाली. “एवढा अभ्यास केलाय, आता सुईवर सोडा.”

“अगं, चिमूटभर तर हाय,” मास्तर म्हणाले आणि बूच लावलं. पोरांना वर्षभर शास्त्र शिकवणारा माणूस ऐन वेळी असा गळाठला.

वर्गात मुहतमिम साहेब खुर्ची ओढून अगदी जवळ बसले. मास्तरांनी भांड्यात पाणी ओतलं, मोठ्या आवाजात सांगितलं की आता काहीही होणार नाही, आणि तारा बुडवल्या. सुई चांगली जोरानं फिरली.

साहेबांनी बाटली उचलून उजेडात धरली. तळाशी करडा साका बसला होता. “ये राख कैसी? किसने डाली?”

खरं बोलायला एक शब्द पुरला असता. मास्तर म्हणाले, “घरवालीने, हुजूर. अनपढ है. दुआ समझकर डाल दी.” मग अंगात बळ आल्यासारखे भराभर बोलत सुटले, की राखेत क्षार असतात, ते पाण्यात विरघळतात, त्यांचे आयन सुटे होतात, म्हणून वीज वाहिली, म्हणजे नियम खरा ठरला. साहेब खूश झाले. “बीबीने तो आपसे अच्छा तजुर्बा कर दिखाया,” म्हणाले आणि नाव कायम करण्याची शिफारस तिथंच लिहिली.

घरी मास्तर जेवायला बसले. पहिल्या घासालाच त्यांनी सगळं सांगून टाकलं. कस्तुराबाई ओरडली नाही. तिनं ताट बाजूला सारलं.

“म्हंजी तुमी कायम झालाव अन् मी येडी.”

मास्तरांना स्वतःची इतकी शरम कधीच वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात उभं राहून खरं सांगितलं. पोरं आधी हसली, मग खाली बघत बसली. संध्याकाळी मास्तर जरा ताठ मानेनं घरी आले.

“पोरांला सांगितलं, बरं केलं,” ती म्हणाली. “सायबाला?”

साहेबाला सांगणं म्हणजे शिफारस हातची घालवणं, हे दोघांनाही कळत होतं. मास्तर कागद घेऊन बसले, उर्दूत अर्ज लिहिला आणि तिला मराठीत वाचून दाखवला. ‘बाटलीत राख मीच टाकली होती. सांगण्यात चूक झाली.’

कस्तुराबाई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवले नाहीत.

“चूक झाली न्हवं. खोटं बोललो, असं ल्ह्या. अन् जिला अनपढ म्हनलो, तिनं नको म्हनलं हुतं, ते बी ल्ह्या.”

मास्तरांनी अर्ज फाडला आणि नव्यानं लिहिला. नोकरी पुढं दोन वर्षं हंगामीच राहिली.