आषाढातलं पाणी

आमचे जगन्नाथमामा म्हैसूरच्या जुन्या फौजी घराण्यातले. तलवार पणजोबांबरोबर गेली, मामांच्या वाट्याला नुसती शिस्त आली. एका कारखान्याचं स्टोअर सांभाळून ते निवृत्त झाले आणि जन्मभर भाड्याच्या घरात राहिलेल्या जयलक्ष्मीमामीसाठी त्यांनी म्हैसूरच्या कडेला हूटगळ्ळीत दोन खोल्यांचं घर बांधलं.

हूटगळ्ळीत आता जिकडे बघावं तिकडे अर्धवट घरं. कुठे स्लॅबवर पाणी कोंडलेलं, कुठे लिफ्टच्या खड्ड्यात साचलेलं, आणि शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये तापाने फणफणलेला एखादा कामगार. मलेरियाच्या डासाला याहून अधिक काही लागत नाही. मामीने मात्र हट्टाने नव्या घराच्या खिडक्यांना बारीक जाळी बसवून घेतली होती.

ज्येष्ठात घर पुरं झालं. जमिनीखालची पाण्याची टाकी, जिला इथे संप म्हणतात, ती भरली. मामीने गंगापूजा केली, हळदकुंकू वाहिलं, एक हिरवी बांगडी पाण्यात सोडली. तेवढ्यात आषाढ लागला. आषाढात गृहप्रवेश करत नाहीत.

त्यांची मुलगी भव्या म्हणाली, "अप्पा, आत्ताच जाऊन राहा की."

मामा कसले ऐकतायत! मुहूर्त श्रावणातला, तोवर उंबरा ओलांडायचा नाही. दाराला कुलूप लावून किल्ली देवापुढे ठेवली. तरी रोज संध्याकाळी दोघं बसने तिकडे जायची, पायरीवर बसून घर बघायची, अंधार पडला की परतायची. जाळी आत आणि माणसं बाहेर! मला अजून संताप येतो.

संपाचं झाकण यायचं होतं, तोवर वर नुसती फळी होती. आरोग्य खात्याची सहना आली, तिने टॉर्च मारून पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या.

"नीरु चेल्लिबिडि, सर," म्हणाली. पाणी ओतून टाका.

मामांनी हात जोडून नकार दिला. औषधही घालू दिलं नाही. ती गेल्यावर मामीला म्हणाले, "नोडु, बघ, पूजा केलेलं पाणी गटारात ओतायचं होय? गृहप्रवेशापर्यंत राहू दे."

"नको बाई," मामी म्हणाली.

मग मामीला ताप आला. एक दिवस यायचा, दुसऱ्या दिवशी उतरायचा. उतरला की ती हसायची, "एनू इल्ल, काही नाही, गेला बघ ज्वर," आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसायची. रक्त तपासलं तेव्हा मलेरिया निघाला. मधुमेहाने आधीच थकलेली मूत्रपिंडं त्यात गेली. श्रावण लागायच्या आत मामीही गेली. डास आमच्या संपातला की शेजारच्या खड्ड्यातला, कोण सांगणार? मामांनी ते कधी विचारलंही नाही.

ते रडलेही नाहीत. तेराव्याला पंगतीत वाढत राहिले. कुणी काही बोललं की नुसतं "हं". तिथेच त्यांचे थोरले भाऊ सदाशिवराव म्हणाले, "आता वर्षभर मंगलकार्य नाही. गृहप्रवेश पुढच्या वर्षी."

मामांनी हातातली पळी खाली ठेवली. "म्हणजे वर्षभर पाणी तसंच," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी देवापुढची किल्ली उचलली. मी सोबत गेलो. पंप लावून पाणी गटारात सोडलं, तळाशी उरलेलं त्यांनी स्वतः उतरून बादलीने उपसलं. मला हात लावू देईनात. वर आले तेव्हा हातात बांगडी होती. ती शर्टाला पुसून त्यांनी खिशात ठेवली.

मग कुलूप काढलं, दार उघडलं आणि बाजूला सरून उभे राहिले. मी वाट बघितली. ते आत जाईनात.

"मामा, चला ना आत."

"कलश घेऊन आधी तिने जायचं ठरलं होतं," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, बसची वेळ सांगावी तसा.

आणि दार धरून तसेच उभे राहिले.