गोठ्यातली भिंत

आमचं घर गुरांच्या सोयीने बांधलेलं आहे, माणसांच्या नाही. इथे जर्मनीत ब्योब्लिंगेनच्या पलीकडच्या खेड्यांत अशी जुनी शेतघरं अजून टिकून आहेत. खाली दगडी गोठा, त्याला लागून गवताची गाडी सरळ आत घेता येईल इतकं उंच कोठार, आणि माणसांचा संसार वरच्या मजल्यावर. तिथल्या भिंती ओकच्या तुळयांच्या, मधे माती भरलेली. थंडीत गुरांची ऊब वर चढावी म्हणून ही सगळी रचना.

नवऱ्याने हे घर हौसेने घेतलं. गिअरबॉक्स डिझाइन करणारा माणूस, पण पाहुणे आले की आधी आमच्या झोपायच्या खोलीत नेऊन जमिनीतली लाकडी झडप उघडून दाखवायचा. गाय व्यायला आली की तिचं हंबरणं शेतकऱ्याला अंथरुणात ऐकू यावं, म्हणून ती ठेवलेली. मला त्या झडपेचा रागच यायचा, कारण तिच्या फटीतून गार वारा यायचा.

मग त्याला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. रेहामध्ये, म्हणजे पुनर्वसन केंद्रात, मी भेटायला गेले की एकच शब्द धडपणे म्हणायचा, "घरी." आणि तिथे पेशंटच्या पुढच्या सोयी बघणाऱ्या बाई मला समजावत होत्या की तळमजल्यावर व्हीलचेअर जाईल अशी खोली असेल तरच घरी. नाहीतर केअर होम, तेही जिथे जागा मिळेल त्या गावात.

आमच्याकडे तळमजल्यावर गोठा होता.

गोठ्याचीच खोली करायची, असं सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, माझ्या मुलाला गोठ्यात ठेवणार तू?" मी काहीतरी उत्तर दिलं, फोन ठेवला आणि सिंकपाशी उभी राहून रडले. त्यांचं चुकत होतं असंही नाही.

एक खरं, गोठ्याचं दार देवासारखं धावून आलं. गाई आत-बाहेर करायच्या म्हणून रुंद, आणि उंबरठाच नाही. वरच्या दारांतून मलासुद्धा वाकून जावं लागतं. संडास-बाथरूम झालं, हीटर बसला. अडलं ते भिंतीपाशी. कित्येक पिढ्यांच्या गुरांचं मूत त्या दगडांत मुरलेलं, आणि त्याचा क्षार आत राहायला तयार नव्हता, पांढरी पूड होऊन बाहेर फुटायचा. ओल दिसली की आपल्या लोकांना सिमेंट आठवतं. मीही वॉटरप्रूफिंग करून वर सिमेंटचं प्लास्टर मारून घेतलं. थोड्याच दिवसांत ते पापडासारखं फुगलं आणि खाली आलं.

घर डेन्कमालशुट्झखाली, म्हणजे जुन्या वास्तूंच्या संरक्षणाखाली आहे. त्या खात्याच्या बाई येऊन भिंतीवरून हात फिरवून गेल्या. अशी भिंत बंद करायची नसते, तिला मातीचा गिलावा द्यायचा, त्याने क्षार ओढून घेतला की तो पाडायचा, पुन्हा द्यायचा, असं त्यांचं म्हणणं. तब्येतीला धोका नाही, फक्त दिसायला वाईट. किती वेळ लागेल, विचारलं. वर्षं, म्हणाल्या. माझ्याकडे महिनासुद्धा नव्हता; रेहातून त्याला सोडायची तारीख ठरली होती.

ऑफिसमधून आले की मी ब्रश घेऊन भिंत झाडायची. सकाळी ती पुन्हा पांढरी. झोप उडाली, जेवण जाईना. मी संपले होते, आणि हे सांगायलाही घरात कोणी नव्हतं. एकदा रागाच्या भरात भिंतीला लाथ मारली. भिंतीला काही झालं नाही, माझा पाय सुजला.

रेहाच्या बाई बघायला आल्या तेव्हा मी पलंग भिंतींपासून लांब, खोलीच्या मधोमध ओढून ठेवला होता. त्यांनी दाराची रुंदी मोजली, जमिनीवरचा पांढरा भुगा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि हो म्हणाल्या.

तो आला त्या संध्याकाळी मी त्याला भरवलं, पांघरूण घातलं आणि वर जाऊन झडप उघडली. पलंग मधोमध ओढताना तो तिच्या बरोबर खाली येईल असंच पाहिलं होतं. तो वर टक लावून बघत होता.

"लाव ते," तो म्हणाला.

"अरे, मग तू हाक मारलीस तर मला ऐकू कसं येणार?"

त्याचे ओठ बराच वेळ जुळत नव्हते. शेवटी एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "मी... गाय... नाही."

मी झडप लावली. तिथेच जमिनीवर बसून राहिले. मग माझी गादी गुंडाळली, ती अरुंद जिन्यावरून ओढत खाली आणली आणि त्याच्या पलंगाशेजारी टाकली. तो डावा हात पलंगाबाहेर सोडून झोपला.

भिंत अजून झडते आहे. सासूबाई फोनवर अजून विचारतात, तो झोपतो कुठे. मी सांगते, आई, आम्ही गोठ्यात झोपतो.